पाणी उतरले, वस्ती चढली : कळंबा तळ्याकाठच्या गावाची ओळख

कोल्हापुरातून गारगोटीच्या रस्त्याने दक्षिणेकडे निघाले की संभाजीनगर, आयटीआय, मध्यवर्ती कारागृह आणि साई मंदिर मागे पडत जाते आणि शहर कोठे संपले हे कळण्याआधीच कळंबा आलेला असतो. या वाटेवरचा चढ मोटारीत बसलेल्याला जाणवत नाही. सायकल मारणाऱ्याला मात्र तो पिंडऱ्यांत जाणवतो. कळंब्याचा भूगोल, त्याचा इतिहास आणि गेल्या काही दशकांत तेथे वाढलेली लोकवस्ती या तिन्ही गोष्टींचे मूळ या सौम्य चढात आहे. चढ होता म्हणून येथे अडवलेले पाणी कोणत्याही यंत्राविना शहरात उतरले, आणि पुढे शहरात जागा अपुरी पडू लागली तेव्हा त्याच वाटेने माणसे उलट दिशेला वर आली.

कोल्हापूर शहर पंचगंगेच्या उजव्या तीरावर, समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर वसले आहे. नदी शहराच्या पश्चिम आणि उत्तर अंगाने वळसा घालून जाते. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्यांचे पाणी एकत्र येऊन पंचगंगा होते, आणि श्रद्धाळू माणूस त्यांत गुप्त सरस्वतीची भर घालून पाचाचा हिशेब पुरा करतो. कळंबा या नदीकाठच्या पट्ट्यातले गाव नाही. ते शहराच्या दक्षिणेकडील माळावर, कात्यायनीच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी आहे. या टेकड्या दख्खनच्या पठाराच्या काळ्या पाषाणाच्या, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांच्या आहेत. उंचवट्यावर मुरूम, उतारावर तांबूस पातळ माती आणि सखल भागात काळी माती, असा येथील जमिनीचा साधारण क्रम आहे. टेकड्यांवर पडलेले पाणी ओघळांतून खाली येते, ओघळ एकत्र होऊन नाला होतो आणि तो शहरातून वाहत जाऊन पंचगंगेला मिळतो. हाच जयंती नाला होय. जुन्या कोल्हापूरकरांच्या बोलण्यात तो अजूनही कधीकधी ‘जयंती नदी’ असतो, आणि भूगोलाच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे अधिक बरोबर आहे. कळंबा तलाव म्हणजे या छोट्या नदीच्या वरच्या अंगाला घातलेला बांध.

गावाच्या नावाबद्दल थोडे सांगायला हवे, कारण सरकारी कागदावर हे गाव ‘कळंबा’ नसून ‘कळंबे तर्फ ठाणे’ आहे. कळंब हे कदंबाच्या झाडाचे मराठी नाव असून त्यावरून नाव पडलेली गावे महाराष्ट्रात ठिकठिकाणी आढळतात. एकाच नावाची दोन गावे जवळजवळ असली की महसुलाच्या कारकुनाची पंचाईत होते. करवीर तालुक्यातच कळे भागाकडे दुसरे कळंबे आहे. ते ‘कळंबे तर्फ कळे’. ‘तर्फ’ म्हणजे जुन्या महसूल व्यवस्थेत काही गावांचा मिळून केलेला, परगण्याहून लहान असा विभाग. आणि ‘ठाणे’ म्हणजे जेथून त्या विभागाचा वसूल आणि चौकीपहारा पाहिला जाई ते ठिकाण. मुंबईजवळच्या ठाण्याशी याचा काही संबंध नाही. याच पद्धतीने आपल्याकडे सडोली खालसा आणि सडोली दुमाला अशी जोडी आहे, ज्यात खालसा गावाचा वसूल थेट सरकारात जाई आणि दुमाला गावाचा वसूल इनामदाराकडे लावून दिलेला असे. इंग्रजी लिपीत हा ‘तर्फ’ अशा स्पेलिंगने लिहिला जातो की बाहेरच्या माणसाला ते हिरवळीच्या मैदानाचे नाव वाटावे. तर्फा मोडून पिढ्या उलटल्या, परंतु सातबाऱ्यावर आणि जनगणनेच्या तक्त्यात तो शब्द टिकून आहे.

तळे कसे भरते आणि कसे रिते होते

शहरातला रंकाळा आणि कळंबा ही दोन्ही तळी असली तरी त्यांची घडण वेगळी आहे. रंकाळा मुळात दगडाची खाण होती. खणलेल्या खोल जागेत पाणी साठले आणि भूकंपाने ती जागा आणखी खचून तळे विस्तारले, अशी परंपरेने चालत आलेली हकिकत आहे. कळंबा तलावाची रचना तशी नाही. दोन उंचवट्यांमधून वाहणाऱ्या प्रवाहापुढे बांध घालून पाणी अडवणे ही त्यामागची साधी कल्पना आहे. अशा तलावाची तीन मुख्य अंगे असतात. पहिले, ज्या उतारांवरचे पाणी तळ्याकडे येते ते पाणलोट क्षेत्र. दुसरे, पाणी अडवणारा बांध. तिसरे अंग सांडव्याचे : तळे भरल्यावर जादा पाणी बांधाला धक्का न लावता बाहेर जावे म्हणून ठरावीक उंचीवर ठेवलेली ती पक्की वाट असते. मातीच्या बांधावरून पाणी वाहू लागले तर बांध काही तासांत वाहून जाऊ शकतो, म्हणून सांडव्याची उंची नेहमी बांधाच्या माथ्यापेक्षा कमी ठेवलेली असते. ‘कळंबा भरला’ असे कोल्हापुरात म्हणतात, तेव्हा त्याचा अर्थ पाणी सांडव्यापर्यंत आले असा असतो.

आता थोडा हिशेब मांडू. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी होते. कोल्हापूर शहराच्या परिसरात वर्षाला सरासरी हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, म्हणजे एका हेक्टरवर वर्षभरात सुमारे एक कोटी लिटर पाणी पडते. ऐकायला हे फार वाटते. पण त्यातले सगळे तळ्यात येत नाही. जूनचे पहिले पाऊस तापलेली जमीन पिऊन टाकते. माती पुरती ओली झाल्यानंतर, साधारण आषाढात, ओघळ वाहू लागतात, आणि उन्हाळ्यात आटलेले तळे त्यानंतर भरताना दिसते. दुसऱ्या बाजूला खर्च चालूच असतो. उघड्या पाण्याच्या पृष्ठभागावरून पावसाळा संपल्यापासून पुढचा पाऊस येईपर्यंत मीटरभराहून अधिक जाडीचा थर नुसता वाफ होऊन जातो. एक हेक्टर तळ्यावरून एक मीटर थर गेला म्हणजे पुन्हा एक कोटी लिटर गेले. म्हणजे तळ्याच्या स्वतःच्या अंगावर पडणारा वर्षाचा पाऊस बाष्पीभवनाच्या खर्चातच संपतो, आणि माणसांना प्यायला जे उरते ते सगळे आजूबाजूच्या टेकड्यांवरून आलेले असते. पाणलोट क्षेत्र तळ्यापेक्षा कितीतरी पट मोठे का लागते आणि तेथे काय चालते याची काळजी का करावी लागते, हे या दोन कोटींच्या जमाखर्चावरून ध्यानात यावे.

कळंब्याचे आणखी एक वैशिष्ट्य असे की त्याला नदीचा आधार नाही. राधानगरीचे धरण सह्याद्रीच्या कुशीत असल्याने त्याच्या वर धो धो पाऊस कोसळतो. गगनबावड्याला तर कोल्हापूर शहराच्या पाच-सहा पट पाऊस होतो. कळंब्याच्या वर मात्र फक्त कात्यायनीच्या टेकड्या आहेत. त्यामुळे पश्चिमेला पूर आलेला असतानाही कळंबा निम्मा असू शकतो, आणि लागोपाठ दोन वर्षे पाऊस कमी झाला तर उन्हाळ्यात तळ दिसू लागतो. तळ दिसला की लोक गाळ काढायला धावतात. गाळ म्हणजे पाणलोटातल्या उतारांवरून दरसाल वाहून येणारी माती. ती तळाशी बसते, तेवढी पाण्याची जागा कमी होते आणि वरून पाहणाऱ्याला भरलेले तळे पूर्वीइतकेच भरलेले दिसते. ही माती शेतीला उत्तम असते, म्हणून गाळ काढायचा निर्णय झाला की ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागायला वेळ लागत नाही.

शहराला कळंब्याची गरज का पडली

कोल्हापूर हे मुळात तळ्यांचे गाव होते. ब्रह्मपुरी, उत्तरेश्वर, खोलखंडोबा, रंकाळा, पद्माळा आणि रावणेश्वर या सहा जुन्या वस्त्यांमधून आजचे शहर एकत्र आले असे मानले जाते, आणि यांतल्या रंकाळा, पद्माळा, रावणेश्वर या तिन्ही वस्त्यांची नावे तळ्यांचीही आहेत. म्हणजे तळ्याकाठची छोटी वस्ती पुढे शहरात विरघळून जाणे ही कोल्हापूरला नवी गोष्ट नव्हे. शहर मुळात असेच झाले आहे. यांतील बरीच तळी आता फक्त नावाने उरली आहेत. रावणेश्वराच्या तळ्याच्या जागी शाहू स्टेडियम आहे, कपिलतीर्थावर भाजीमंडई भरते आणि वरुणतीर्थाचे गांधी मैदान झाले. त्या मैदानात पावसाळ्यात पाणी साचले की लोक महापालिकेला बोल लावतात, तेव्हा पाणी आपल्या जुन्या पत्त्यावर आले आहे, एवढेच म्हणावेसे वाटते.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात राजधानी पन्हाळ्याहून कोल्हापुरात आली. राजधानी आली की पागा, कारखाने, कचेऱ्या, बाजार आणि त्यांच्यामागे माणसे आली. दाट वस्तीतल्या तळ्यांत आणि विहिरींत माणसे धुणी धूत, जनावरे अंघोळत, आणि तेच पाणी पिण्याला लागे. पटकीसारख्या साथींना आणखी काही लागत नाही. कात्यायनीच्या बाजूने जमिनीखालच्या वाटेने पाणी शहरात आणण्याची सोय जुनीच होती, पण वाढत्या वस्तीला ती पुरी पडेना. १८५४ साली कोल्हापुरात नगरपालिका स्थापन झाली आणि पाणी हा राजवाड्याच्या मर्जीचा विषय न राहता नगराच्या कारभाराचा विषय होऊ लागला.

कळंबा तलाव उभा राहिला तो १८८१ च्या सुमारास. येथे एक प्रचलित गैरसमज दूर करायला हवा. कोल्हापुरात पाण्याशी संबंधित कोणतेही जुने काम दिसले की ते राजर्षी शाहू महाराजांच्या नावावर टाकण्याची आपल्याला सवय आहे, आणि राधानगरीच्या बाबतीत ते योग्यही आहे. पण शाहू महाराजांचे दत्तकविधान १७ मार्च १८८४ रोजी झाले आणि राज्याधिकार त्यांच्या हाती आले ते २ एप्रिल १८९४ रोजी. कळंबा त्याआधीचा आहे. १८७० साली राजाराम महाराज युरोपच्या प्रवासात फ्लॉरेन्स येथे मरण पावले; त्यानंतर दत्तक आलेले चौथे शिवाजी महाराज अल्पवयीन होते आणि १८८३ च्या डिसेंबरात अहमदनगर येथे त्यांचा दुर्दैवी अंत झाला. या मधल्या काळात कारभार इंग्रजांच्या देखरेखीखाली चाले. नवा राजवाडा आणि आजचा टाउन हॉल याच काळातल्या इमारती आहेत, आणि कळंबा तलाव हेही त्याच काळाचे अपत्य आहे. छत्रपतींची आणि एकूण संस्थानाची राजकीय अवस्था त्या वर्षांत कशी होती हे ठाऊक असलेल्याला या बांधकामांकडे निखळ कौतुकाने पाहता येत नाही. पण बांधकाम म्हणून कळंब्याने आपले काम चोख केले, हेही तितकेच खरे.

ते काम कसे चाले, हे समजायला पदार्थविज्ञानाचा एकच नियम पुरे आहे. पाणी आपली पातळी शोधते. वरच्या भांड्यातले पाणी बंद नळातून खाली आणले, तर मधल्या वाटेत नळ थोडा खाली-वर गेला तरी शेवटच्या टोकाशी पाणी मूळ पातळीच्या जवळपास चढू पाहते; घर्षणात जेवढा जोर जातो तेवढे ते कमी चढते. तळे शहरापेक्षा उंचावर असल्याने तलावातले पाणी नळातून सोडले की ते आपोआप शहरात येई. इंजिन, कोळसा किंवा वीज यांपैकी कशाचीच गरज नव्हती, आणि कोल्हापुरात तेव्हा वीज नव्हतीच. उलट पंचगंगा शहराच्या अगदी उशाशी असूनही ती खाली आहे. तिचे पाणी पेठांमध्ये न्यायचे तर ते उपसून वर चढवावे लागते. जवळची नदी सोडून काही मैलांवरच्या माळावर तळे बांधण्यात हे साधे व्यवहारज्ञान होते. मंगळवार पेठेत ‘पाण्याचा खजिना’ म्हणून जागा आहे. रिक्षावाल्याला एवढे नाव सांगितले तरी तो पुढचा पत्ता विचारत नाही. कळंब्याच्या पाण्याची साठवण आणि वाटणी या खजिन्यातून होई. पाण्याच्या टाकीला खजिना म्हणणाऱ्या माणसांना पाण्याची किंमत शिकवावी लागली नसणार.

विसाव्या शतकात वीज आली, पंप आले आणि बालिंगा, नागदेववाडी व पुढे शिंगणापूर येथून नदीचे पाणी उपसून शहराला मिळू लागले. कळंब्याचा वाटा घटत गेला. एके काळी शहराचा मुख्य आधार असलेले तळे शहराच्या काही भागाला आणि कळंबा, पाचगाव या गावांना पाणी देणारे दुय्यम साधन झाले. यातला विलक्षण भाग पुढेच आहे. काळम्मावाडीच्या दूधगंगा धरणातून पन्नास किलोमीटरहून लांब अशी थेट पाइपलाइन टाकण्याचे काम दीर्घकाळ रखडत, वाद ओढवून घेत अखेर २०२३ च्या दिवाळीत पाण्यापर्यंत पोहोचले. ते पाणी शुद्ध होते पुईखडीच्या टेकडीवर, म्हणजे कळंब्याच्याच शेजारच्या उंचवट्यावर, आणि तेथून ते शहराकडे उतरते. दीडशे वर्षांच्या आतबाहेर शहर पुन्हा दक्षिणेच्या चढाकडेच पाण्यासाठी वळले आहे.

ऊस, गुंठा आणि कॉलनी

तळ्याखालच्या आणि आसपासच्या जमिनीत भात, ऊस, भाजीपाला आणि जनावरांचा चारा अशी पिके असलेले हे गाव जुन्या पेठांतल्या लोकांच्या आठवणीत अजून आहे. शहरात दूध आणि भाजी पोहोचवण्याइतके ते जवळ होते, आणि रात्री परत गावी जाण्याइतके लांब. १९४९ साली १ मार्चला कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि कोल्हापूर जिल्ह्याचे ठिकाण झाले. सरकारी कचेऱ्या, १९६२ साली सुरू झालेले शिवाजी विद्यापीठ, कारखाने आणि शिक्षणसंस्था यांमुळे नोकरदारांची संख्या वाढली. उत्तरेला आणि पश्चिमेला नदी आणि तिचा पूरपट्टा असल्याने शहराला मोकळेपणाने पसरायला जागा होती ती पूर्वेला आणि दक्षिणेला. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी या भूगोलाची आठवण फार कठोरपणे करून दिली. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी आहे. २०२१ च्या जुलैत पाणी ५६ फुटांवर गेले. अशा वेळी कळंब्याच्या माळावर राहणाऱ्याला पुराची चिंता करावी लागत नाही, आणि जागा पाहायला निघालेल्या कुटुंबाच्या बोलण्यात ही गोष्ट आता बहुधा पहिल्याच मिनिटाला निघते.

शेतीची जमीन घराची कशी होते, हे एकदा नीट पाहिले पाहिजे. सातबाऱ्यावर शेती म्हणून नोंद असलेल्या जमिनीवर घर बांधायचे तर ती बिगरशेती, म्हणजे रोजच्या भाषेत ‘एन. ए.’, करून घ्यावी लागे. आराखडा मंजूर करावा लागे. रस्ते आणि मोकळी जागा सोडावी लागे. यात पैसा आणि वेळ दोन्ही जात. म्हणून अनेकांनी दुसरी वाट धरली आणि शेताचे गुंठ्या-गुंठ्यांचे तुकडे करून ते विकले. एक गुंठा म्हणजे एकराचा चाळिसावा भाग, १,०८९ चौरस फूट. दोन गुंठ्यांत एका मध्यमवर्गीय कुटुंबाचे टुमदार घर, तुळशीवृंदावन आणि दुचाकीची जागा एवढे सगळे बसते. शेतजमिनीचे फार लहान तुकडे पाडायला १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने मनाई होती, तरी असे व्यवहार राज्यभर इतके झाले की २००१ साली ते नियमित करण्यासाठी गुंठेवारीचा स्वतंत्र कायदा करावा लागला. शहरांलगतच्या गावांतले अरुंद रस्ते, अचानक कोणाच्या तरी उसाच्या फडापाशी संपणारी गल्ली आणि गटाराला उतारच न मिळणे, यांचे कारण बहुतेक वेळा या तुकड्यांच्या इतिहासात सापडते. ज्याने घर बांधले तो माणूस शहरातल्या भाड्याच्या दोन खोल्यांतून सुटायला धडपडत होता आणि ज्याने जमीन विकली त्याच्या वाट्याला भावकीच्या वाटण्यांनंतर जेमतेम तेवढीच उरली होती. दोघांपैकी एकालाही सरसकट दोष देता येत नाही.

माणसे किती, आणि ती मोजली कशी जातात

कळंब्यासारख्या गावाच्या लोकसंख्येबद्दल बोलताना सगळ्यात मोठा घोळ शब्दांचा होतो. कारभाराच्या दृष्टीने ते गाव आहे, कारण तेथे ग्रामपंचायत आहे. जनगणनेच्या दृष्टीने ते शहर आहे. जनगणना खाते नगरपालिका नसलेल्या एखाद्या ठिकाणालाही शहर मानते, मात्र तीन अटी पुऱ्या व्हाव्या लागतात : लोकसंख्या किमान ५,००० असावी, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसे राहत असावीत आणि मुख्य कामकरी पुरुषांपैकी किमान ७५ टक्के पुरुष शेतीबाहेरच्या कामांत असावेत. अशा ठिकाणाला जनगणना नगर म्हणतात, आणि कळंबे तर्फ ठाणे हे त्यांपैकी एक आहे. तिसरी अट सर्वांत बोलकी आहे. तिचा अर्थ असा की गावात ऊस डोलताना दिसत असला तरी चार कमावत्या पुरुषांपैकी तिघे किंवा त्याहून अधिक जण कारखान्यात, कचेरीत, दुकानात, शाळेत किंवा रिक्षावर आहेत. अटीत बायकांच्या कामाचा हिशेबच नाही, हे येथे नोंदवून ठेवावेसे वाटते. गोठा, धारा आणि भांगलण करणाऱ्या बाईला धरले असते तर काही जनगणना नगरे पुन्हा गावे ठरली असती, असा माझा अंदाज आहे.

दुसरा घोळ हद्दीचा. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर महानगरपालिकेची लोकसंख्या ५,४९,२३६ भरली आणि ‘कोल्हापूर नागरी संकुल’ या मोठ्या एककाची ५,६१,८३७. फरक फक्त १२,६०१ माणसांचा आहे. कळंबा, पाचगाव, उचगाव, गांधीनगर, शिरोली पुलाची अशी शहराला चिकटलेली सगळी वस्ती एवढीशी नाही, हे शहरातून एक फेरी मारणाऱ्यालाही दिसते. म्हणजे यांतील बहुतेक माणसे रोज शहरात येतात, शहराचे रस्ते, दवाखाने, शाळा वापरतात, पण शहराच्या आकड्यात नाहीत. तिसरी एक बारकाई संस्थांची. तुरुंग, वसतिगृह यांतली माणसे जनगणनेत त्या-त्या ठिकाणीच मोजली जातात. तुरुंगासारखी संस्था ज्या हद्दीत पडते तेथे पुरुषांची संख्या फुगते आणि स्त्री-पुरुष प्रमाण विचित्र दिसू लागते. लहान गावाचा तक्ता वाचताना हे ध्यानात न घेतल्यास भलतेच निष्कर्ष निघतात.

आणि या सगळ्या आकड्यांचे वय आता बरेच झाले आहे. २०२१ ची जनगणना लांबली. पुढची शिरगणती २०२७ च्या आरंभी, १ मार्च २०२७ हा संदर्भदिन धरून, ठरली आहे. दरम्यान कळंब्याच्या माळावर जी घरे आणि अपार्टमेंट उभी राहिली त्यांतली माणसे अजून कोणत्याही राष्ट्रीय मोजणीत आलेली नाहीत.

तळे एकाचे, काठ दुसऱ्याचा

तलावाची मालकी कोल्हापूर महानगरपालिकेकडे आहे, आणि त्याच्या काठावरचे गाव ग्रामपंचायतीच्या कारभाराखाली. पाणलोट क्षेत्राचा मोठा भागही महापालिकेच्या हद्दीबाहेर आहे. शहराने आपली तिजोरी शेजाऱ्याच्या अंगणात ठेवावी तसे हे झाले आहे. शेजारी बरा असला तरी अंगणात काय करायचे याचे त्याचे स्वतःचे बेत असतात.

१९७२ साली कोल्हापूर महानगरपालिका झाली तेव्हा तिला सुमारे ६६.८२ चौरस किलोमीटर क्षेत्र मिळाले, आणि त्यानंतर दशकामागून दशके ‘हद्दवाढ’ हा शब्द येथील राजकारणात आंदोलने, बंद आणि निवेदने यांना पुरला. शहराच्या बाजूचे म्हणणे असे की आजूबाजूची गावे शहराच्या सोयी वापरतात, मग हद्दीत का येत नाहीत. हद्द आणि लोकसंख्या वाढल्याशिवाय निधीही वाढत नाही. गावांचे म्हणणे असे की घरपट्टी वाढेल, शेतीवर आरक्षणे पडतील, ग्रामपंचायतीत जो शब्द चालतो तो महापालिकेत चालणार नाही, आणि जे नगर आपल्याच उपनगरांना नीट पाणी देऊ शकत नाही ते आम्हाला काय देणार. माझ्या मते दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या बोलत आहेत, आणि म्हणूनच हा वाद सुटत नाही. मधला मार्ग म्हणून २०१७ साली ४२ गावांसाठी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झाले. बांधकाम परवाने आणि नियोजन हे त्याचे काम. कर गोळा करणे, दिवाबत्ती आणि कचरा ही जबाबदारी मात्र ग्रामपंचायतीकडेच. त्यामुळे एखाद्या कॉलनीतल्या रहिवाशाला परवानगीसाठी एका दारी, गटारासाठी दुसऱ्या दारी आणि तळ्यात सांडपाणी जात असल्याच्या तक्रारीसाठी तिसऱ्या दारी जावे लागते.

पाणलोटावर घरे वाढली की पाण्याच्या हिशेबात दोन बदल होतात. छप्पर, काँक्रीट आणि डांबर यांवर पडलेला पाऊस जमिनीत मुरत नाही, तो लगेच वाहतो. त्यामुळे पाणी थोड्या वेळात, पण जोराने येते, आणि दिवाळीपर्यंत हळूहळू पाझरणारे झरे लवकर थांबतात. दुसरा बदल पाण्याच्या गुणाचा. सांडपाण्यात नत्र आणि स्फुरद असते, तेच जे आपण खत म्हणून पिकाला घालतो. तळ्यात ते गेले की शेवाळ आणि केंदाळ माजते, रात्री पाण्यातला प्राणवायू कमी होतो आणि सकाळी काठाला मासे मरून पडलेले दिसतात. रंकाळ्याने ही सगळी दुखणी भोगली आहेत आणि त्यावर केंद्राच्या सरोवर संवर्धन योजनेतून पैसाही खर्च झाला आहे. जे पाणी तळ्यातच साठून राहते ते निदान दिसते तरी. सांडव्यावरून गेलेले पाणी जयंती नाल्याने शहराच्या मध्यातून, दोन्ही काठांच्या वस्त्यांचे सांडपाणी पोटात घेत पुढे जाते. ते अडवून कसबा बावड्याच्या ७६ दशलक्ष लिटर क्षमतेच्या प्रक्रिया केंद्राकडे वळवण्याची व्यवस्था आहे. जोराच्या पावसात नाला त्या व्यवस्थेला न जुमानता थेट पंचगंगेत उतरतो, आणि पंचगंगा इचलकरंजीच्या दिशेने जाते.

२०२७ च्या शिरगणतीत प्रगणक साई मंदिरापलीकडच्या एखाद्या नव्या अपार्टमेंटच्या तिसऱ्या मजल्यावर बेल वाजवील. दार उघडणारा माणूस आपण कोल्हापुरात राहतो असे सांगेल, त्याच्या गाडीची पाटीही कोल्हापूरचीच असेल, आणि खिडकीतून भरलेले किंवा आटलेले तळे दिसत असेल. तक्त्यात मात्र त्याची नोंद, हद्द तोवर बदलली नाही तर, त्याने बहुधा कधी ऐकलेही नसेल अशा एका मोडून गेलेल्या तर्फेच्या नावासमोर होईल.